पाव किलो कारल्याची किंमत

मंगळवार, जेवण झाल्यावर

आजची पाव किलो कारली महाग पडली. सूनबाई मीनल अर्धपोटी, बायको रुसलेली, आणि वर माझा रुबाब गेला तो वेगळाच.

जेवताना मी नेहमीचंच बोललो, "मी कडू गिळत वर आलो, म्हणून हिंगण्याचा कारखाना उभा झाला. अन् मीनल, तुले एक फोड उतरत नाही?" ती हसून उठली. मग स्वयंपाकघरातून बिस्किटाच्या पुड्याची कुरकुर. माझे कान तिखट. बायकोचेही. "काहून छळून राहिले जी पोरीले?"

मीनल कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तिने पर्समधून चव तपासायच्या कागदाच्या पट्ट्या काढल्या. "बाबा, जिभेवर ठेवा. काहींना कडू कळतं, काहींना नाही. जन्मतःच ठरतं ते." तिने स्वतः एक ठेवली, एक बायकोला दिली. मीनलच्या डोळ्यांत पाणी आलं. बायको तर धावत मोरीकडे गेली. मी दोन पट्ट्या चघळल्या, तिसरी मागितली. पोरगी इतक्या मायेनं हसली! बिस्किटाचा पुडाच पुढे केला, "घ्या, तोंड गोड करा."

मग इतकी वर्षं मी गिळलं ते काय? पट्टी नुसत्या कागदासारखी लागली. आणि खरं सांगायचं तर कारलंही मला कधी कडू लागलं नव्हतं.