ढब्बूने दिलेला दगा

४ ऑगस्ट, सोमवार
ठरलं. डिसेंबरात तळ्यावरची ट्रायथलॉन करायची. छोटी नव्हे, लांब पल्ल्याची. जवळजवळ दोन किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगाने नव्वद किलोमीटर सायकल मारायची, वर एकवीस किलोमीटर धावायचं. सगळं एका दिवसात, दुपारी तीनच्या आत. कल्पना माझी. ढब्बू म्हणतो त्याची, पण नाव आधी मी नोंदवलं.

ढब्बू शाळेपासूनचा मित्र. नाव पडलं तेव्हा ढब्बू होता, अजूनही आहे. त्याची बायको, आमच्या वहिनी, गेल्या वर्षी वारल्या. तेव्हापासून रविवारी आमच्याकडे येऊन बसतो आणि पेपरचं एकच पान तासभर धरून ठेवतो. त्याला उद्योग हवा. म्हणून मी हे मनावर घेतलं, केवळ त्याच्यासाठी. हातावर हात मारून ठरलं : एकत्र निघायचं, एकत्र पोचायचं, कुणी कुणाला मागे टाकायचं नाही. अट मीच घातली. बिचारा मागे पडणार, त्याला धीर नको?

हिला सांगितलं. ही म्हणाली, बरं. एवढंच. कन्या हसली. कारण विचारलं तर म्हणे मोबाइलमधलं काहीतरी आहे.

५ ऑगस्ट, पहाटे ५.१०
उठलो.

५.२५
शरीराला एकदम धक्का द्यायचा नसतो. झोप हासुद्धा ट्रेनिंगचाच भाग आहे. उद्यापासून.

१७ ऑगस्ट
सायकल आली. ती घट्ट चड्डीही आली. आरशात पाहिलं. प्रकाश चुकीच्या बाजूने येत होता.

मनगटावरचं घड्याळ दर तासाला म्हणतं, उठा, हालचाल करा. ऑफिसात सगळ्यांसमोर. माझं काम लिफ्ट तपासण्याचं. दिवसभर इमारतींतून वर-खाली करतो, पण ती हालचाल घड्याळाच्या खिजगणतीत नाही. साहेब म्हणाले, मग जिन्याने जात जा. लिफ्ट तपासनीसाने जिने चढायचे म्हणजे आपल्याच खात्यावर अविश्वास दाखवायचा. घड्याळ ड्रॉवरमध्ये ठेवलं.

२ सप्टेंबर
स्विमिंग पूल. पोहणं मला येतं, लहानपणी विहिरीत शिकलोय. पण पोहायचे सर म्हणाले, पाय बुडतात तुमचे, आधी कठडा धरून नुसते पाय मारा. हाडं जड आहेत, हा आमच्या घराण्याचाच प्रश्न आहे, हे त्यांना समजावलं. ते ढब्बूकडे गेले. ढब्बू निमूटपणे कठडा धरून पाय मारत होता. त्याला स्वाभिमान असा नाहीच.

मंगळवार-शुक्रवार दोघांनी मिळून जायचं ठरलं.

२४ सप्टेंबर, बुधवार
हे लिहून ठेवलंच पाहिजे.

आज पूलसमोरच्या टॉवरमध्ये तपासणी होती. सातव्या मजल्यावर सहज खिडकीतून खाली बघतो तर पाण्यात एक टक्कल. ओळखीचं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. बुधवारी! ठरलेला वार नसताना! लिफ्टचा ब्रेक तपासायचा सोडून मी तिथेच उभा. सोसायटीच्या सेक्रेटरीला वाटलं, काहीतरी गंभीर सापडलं. सापडलंच होतं.

संध्याकाळी फोनवर खडसावलं, माझ्या पाठीमागे प्रॅक्टिस करतोस? तर म्हणे, "अरे, तू तीन आठवडे आलाच नाहीस. आणि घरी बसवत नाही रे."

घरी बसवत नाही! सबब शोधावी ती ढब्बूनेच. मला तर घरी उत्तम बसवतं, पण मी त्याचा गैरफायदा घेतो का?

१२ ऑक्टोबर
फितुरी घरापर्यंत पोचली. ही शिलाई मशीनवर बसली होती. विचारलं काय करतेस. म्हणाली, भाऊजींच्या (म्हणजे ढब्बूच्या) पँटी कमरेत आत घेतेय, ढगळ झाल्यात सगळ्या. माझ्या घरात, माझ्या मशीनवर! (मशीन हिच्या माहेरचं आहे, पण तेल मी घालतो.) माझ्या एका पँटचं बटण महिनाभर तुटलेलं आहे. ते तुटण्यामागची कारणं वेगळी आहेत, असं ही म्हणाली.

शिवाय केळी संपली होती. ढब्बू येऊन खाऊन गेला.

९ नोव्हेंबर
लांबची सायकल. जाताना वारा समोरून. फार पुढे न जाता मागे फिरलो तर वारा पुन्हा समोरून. असा वारा मी उभ्या जन्मात पाहिला नाही.

ढब्बूला आणखी जायचं होतं, दिसत होतं ते. तरी माझ्याबरोबर परत फिरला. सगळा रस्ता माझ्या मागे, एका अक्षराने बोलला नाही. मला किती लागावं याचा त्याने बरोबर हिशोब केला होता.

३० नोव्हेंबर
शर्यतीआधी दोन आठवडे व्यायाम कमी करायचा असतो, असं वाचलं. मी पूर्ण बंद करतोय. तयारी तशी झालीच आहे. फक्त धावणं राहिलंय.

१३ डिसेंबर, संध्याकाळ
तळ्याकाठचं लॉज. ही आणि कन्या शेजारच्या खोलीत, मी आणि ढब्बू इकडे. तळं जाहिरातीत दिसलं होतं त्यापेक्षा मोठं आहे. आयोजकांनी कळवायला हवं होतं.

ढब्बूने सायकलच्या चाकांत हवा भरली. त्याच्या आणि माझ्याही. मग खाटेवर बसून म्हणाला, "तू नसतास ना, तर मी इथे आलोच नसतो." मी म्हणालो, माहीत आहे. खरं तेच बोलावं.

१४ डिसेंबर, रविवार, संध्याकाळी ६
परतीच्या वाटेवर गाडीत लिहितोय. गाडी ही चालवतेय. आठवतंय तोवर क्रमाने लिहून ठेवतो, पुढे कुणी उलटसुलट सांगायला नको.

पोहणं : शिट्टी झाली आणि कुणीतरी माझ्या नाकावर लाथ मारली. मुद्दाम. गॉगलमध्ये पाणी शिरलं. दमलं तर बचाव-बोटीला धरून थांबायची परवानगी असते. मी परवानगीचा पुरेपूर उपयोग केला. बोटवाला शेवटी म्हणाला, काका, आता सोडा, दुसऱ्यांनाही लागेल.

बाहेर आलो तेव्हा मुदत संपायला थोडकाच वेळ होता. सायकलींचा तळ रिकामा. तिथे एकटा ढब्बू, हेल्मेट घालून बसलेला. पार वाळला होता. किती वेळ बसला होता कुणास ठाऊक. म्हणाला, "आलास! चल." म्हणजे सगळ्या जगाला दिसावं की हा वाट बघतोय.

सायकल : निघालो. अर्ध्या वाटेपर्यंत ढब्बू मुद्दाम सावकाश चालवत होता. चढ लागला की मागे, वारा आला की पुढे. मग फट्ट असा आवाज आला. त्याचं मागचं टायर. उतरला. ओरडून म्हणाला, "थांब रे जरा, माझा पंप अडकलाय!"

इथे नीट लिहितो. तेव्हा उतार होता. मी पुढे होतो. चार महिन्यांत पहिल्यांदाच मी खराखुरा पुढे होतो, आणि वारा पहिल्यांदाच मागून होता. शिवाय नियम स्पष्ट आहे : बाहेरची मदत घेतली की बाद. मी पंप दिला असता तर ढब्बू बाद झाला असता. त्याच्याच भल्यासाठी मी थांबलो नाही. हात वर केला. त्यातून त्याने काय ते समजायला हवं होतं.

(शर्यतीच्या पंचांना नंतर सहज विचारलं. ते म्हणाले, स्पर्धकांनी एकमेकांना पंप, ट्यूब दिलेली चालते. हे त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहायला हवं.)

उतार संपला. मग पोटऱ्यांत गोळे आले. दोन्ही पायांत एकदम, संगनमताने. पुलाच्या कठड्यावर बसलो. बऱ्याच वेळाने मागून सायकल आली. ढब्बूच. हात ग्रीसने काळे. मी पाय पुढे करून ठेवले होते, म्हणजे त्याला दाबायला सोपं जावं. त्याने ब्रेक मारला, एक पाय टेकवला. माझ्याकडे बघितलं. "पाणी आहे का तुझ्याकडे?" म्हणाला. मी म्हटलं, आहे. "मग ठीक," म्हणाला आणि गेला.

गेला! एकत्र निघायचं, एकत्र पोचायचं म्हणणारा! मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. चाळीस वर्षांची मैत्री, आणि माणूस वळणावरून दिसेनासा होतो. मी हाकही मारली. ऐकू गेली असणार, मी घसा फोडून मारली होती.

मागे पडलेल्यांना गोळा करणारी गाडी आली. पंचांनी घोट्यावरची वेळ मोजायची चिप काढून घेतली. धावणं अशा तऱ्हेने राहूनच गेलं, नाहीतर त्यात मी सगळं भरून काढलं असतं.

गाडीने शेवटच्या रेषेपाशी सोडलं. वाटलं, ही आणि कन्या काळजीने मला शोधत असतील. दोघी दोराला चिकटून उभ्या, घसे बसलेले. "ढब्बूकाका! ढब्बूकाका!" तीन वाजायला आले तेव्हा तो आला. धावत म्हणवत नाही, पण चालतही नव्हता. कन्या दोराच्या अलीकडून शेवटपर्यंत त्याच्याबरोबर पळाली. गळ्यात मेडल पडलं तसा गवतावर बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. वहिनींचं नाव घेत होता. ही त्याच्याजवळ बसली, त्याच्या पाठीवरून हात फिरवत. मी शेजारी, एका पायात चप्पल, दुसरा उघडा, दोन्ही पोटऱ्या दगड. एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

ढब्बू शर्यत बघायला आलेल्या त्या पोहायच्या सरांच्या गाडीतून गेला. आमच्या गाडीत जागा होती.

मघाशी हिने एकच विचारलं, "भाऊजींचं टायर फुटलं तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

मी म्हणालो, पुढे.

हिने गिअर जोरात टाकला.

१६ डिसेंबर
ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, तांत्रिक कारणाने थांबावं लागलं. साहेब म्हणाले, लिफ्टसारखं? सगळे हसले. ढब्बूचा फोन नाही. मीही करणार नाही. चूक ज्याची त्याने करावा. माफी मागितली तर मोठ्या मनाने विसरून जायचं ठरवलंय. काय बोलायचं तेही तयार आहे : "जाऊ दे रे, माणूस चुकतो."

१९ डिसेंबर
अजून फोन नाही. दोनदा फोन उचलून बघितला, चालू आहे ना. आहे.

२१ डिसेंबर, रविवार, सकाळी ६.१५
बेल वाजली. ढब्बू! अंगात टी-शर्ट, पायांत पळायचे बूट. म्हणजे आला शेवटी. मला भरून आलं. तरी चेहरा गंभीर ठेवला. म्हटलं, ये, पण आज मला पळता यायचं नाही, पोटऱ्या अजून धरल्यात. आणि झाल्या गोष्टीचं म्हणशील तर, जाऊ दे रे, माणूस...

ढब्बू म्हणाला, "सांभाळ पायांना. वहिनी तयार आहेत का?"

आतून ही आली, बुटांची नाडी बांधत. मागून कन्या, केस वर बांधून. हे कधी ठरलं, कुठे ठरलं, मला पत्ता नाही. तिघं जिन्याने उतरले. खाली कुणीतरी काहीतरी म्हणालं, आणि ढब्बू हसला. वर्षभरात पहिल्यांदा ऐकलं मी त्याचं हसणं, तेही जिन्यातून.

दुसऱ्या मजल्यावरून हिने हाक मारली. मी कठड्यावरून लगेच वाकलो.

म्हणाली, "दार लावून घ्या."

लावलं.