उलट्या कोळंबीचा खरा पत्ता

मी, कलावती पंढरी केणे, वय ६९, अविवाहित, निवृत्त प्रयोगशाळा सहायक, राहणार मानपाडा, डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला माझ्याकडून काही हवं असावं लागतं, आणि जे हवं होतं ते माझ्या माणसांनी चौदा वर्षांपूर्वीच नेलं आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहती जागा आणि बँकेतली शिल्लक माझी भाची कल्पिता हिला द्यावी. ती कोपरला शाळेत विज्ञान शिकवते. ती माझा भाऊ पोपट याची मुलगी आहे, पण त्यात तिची चूक नाही. ही जागा मी माझ्या फंडातून घेतली आहे, भावाने दिलेली नाही. तो चारचौघांत तसं सांगतो म्हणून हे मुद्दाम लिहिलं. माझे अंत्यसंस्कारही माझ्याच शिल्लकीतून व्हावेत.

२. स्वयंपाकघरातली भांडी भावजय नंदा हिला द्यावीत. मोतीबिंदूच्या वेळी महिनाभर डबा तिनेच पाठवला, नवऱ्याला न विचारता.

३. माझा धाकटा भाऊ पोपट याला माझ्या मिळकतीतलं काहीही देऊ नये. २०११ साली मानपाड्याच्या वडिलोपार्जित शेतावर मी हक्कसोड करून दिली. आमच्यात बहिणीने हक्क सोडायचा आणि भावाने तिला साडी घेऊन जेवू घालायचं, अशी रीत आहे. मी तो कागद न वाचता सही केली. मला वाचता येतं. पण बहीण तिथे कागद वाचत बसली की तिचं माहेर तुटलंच म्हणून समजावं. कचेरीच्या व्हरांड्यात मी एवढंच विचारलं, की शेताच्या कडेच्या खळग्याचं काय? तो म्हणाला, "बाय, तुजा खलगा कोन नेतंय? पोटखराबा हाय तो. तसाच ऱ्हईल." सातबाऱ्यावर जी जमीन पिकत नाही तिला पोटखराबा म्हणतात. त्या दिवसाच्या साडीची मी घडीसुद्धा मोडलेली नाही. ती साडी त्याला परत करावी.

४. लोखंडी कपाटातल्या तीनशे अठरा बाटल्या, भिंग आणि मच्छरदाणीची जाळी कल्पिताला. सगळे गोड्या पाण्यातले कवचधारी प्राणी आहेत, कल्याण ते शीळ या पट्ट्यात मी स्वतः धरलेले. वरच्या फळीवर दहा पायांचे: भाताच्या बांधात बिळं करणारे मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, आणि ओढ्यातली कोळंबी. यांना सगळे ओळखतात, कारण त्यांचं कालवण होतं. मधल्या फळीवर तळ्या-विहिरींतले बारीक जीव, जलपिसवा वगैरे, जे माणूस पाण्याबरोबर गिळतो आणि त्याला पत्ता नसतो. शास्त्राप्रमाणे जलपिसवा खालच्या फळीवरच्यांच्या गोतातल्या, त्यांची जागा तिथेच आहे. तिथे बाटल्या मावेनात म्हणून मी त्यांना वर चढवलं. खालच्या फळीवर आहेत ते आटणाऱ्या पाण्यातले. नदी-तळ्यात त्यांचा निभाव लागत नाही, कारण तिथे मासे असतात. आषाढात भरायचं आणि कार्तिकात आटायचं असं डबकंच त्यांना लागतं. पाणी गेलं की ते मरतात. अंडी मात्र सुक्या चिखलात वर्षानुवर्षं टिकतात. त्यातली एक जात, गटाने कवचधारी पण स्वतः बिनकवचाची, पाय वर करून पाठीवर पोहते. मराठीत तिला नाव नव्हतं. मी तिला उलटी कोळंबी म्हणते. बाटल्यांवरची लेबलं माझ्या अक्षरात आहेत आणि एक सोडून सगळी खरी आहेत.

५. त्या एका लेबलाविषयी. १९९६च्या ऑगस्टमध्ये आमच्या खळग्यात मला उलटी कोळंबी सापडली, पण नेहमीची नव्हे. तेव्हा मी कॉलेजात डॉ. मोरेश्वर घैसास यांच्या हाताखाली होते. दोनच वर्षांपूर्वी माझ्या मुठ्यांच्या नोंदी त्यांच्या नावाने छापून आल्या होत्या आणि शेवटी "कर्मचारीवर्गाचे आभार" होते. त्या वर्गात मी एकटीच होते. म्हणून या खेपेला मी बाटली दिली, पण लेबलावर मानपाडा लिहिलं नाही. "विठ्ठलवाडी, रुळांजवळचं डबकं" असं लिहिलं, आणि माझ्या कपाटातल्या तिच्या जोडबाटलीवरही तेच. सरांनी भिंगाखाली नराच्या मिशा पाहिल्या. या गटात जात त्यांवरूनच ओळखतात. बराच वेळ पाहून म्हणाले, "कलावतीबाई, ही नवीन दिसते. कुठली म्हणालात?" मी म्हणाले, "लेबलावर आहे, सर." दीड वर्षाने ती जाहीर झाली, सरांच्या आईच्या नावाने. पुढचे तीन पावसाळे सर विजार दुमडून विठ्ठलवाडीतली डबकी ढवळत होते आणि मी मागे जाळी धरून उभी होते. मला फार बरं वाटत होतं, ते नाकारत नाही. शेवटी त्यांनी लिहिलं, की ती जात त्या ठिकाणाहून नष्ट झाली असावी. ती इकडे आमच्या शेतात निवांत पाठीवर पोहत होती.

६. २०१६ साली त्या शेतावर इमारती येणार म्हणून गावात जाहीर सुनावणी झाली. अधिकाऱ्यांच्या शेजारी तज्ज्ञ म्हणून घैसास सर बसले होते. मी उठून सांगितलं, की या खळग्यात एक दुर्मीळ जीव आहे, कोणता ते सरांना ठाऊक आहे. सरांनी कागद चाळले आणि म्हणाले, "त्या प्रजातीची नोंद फक्त विठ्ठलवाडीची आहे. मानपाड्याची नाही." ते खोटं बोलत नव्हते. अधिकारी म्हणाले, "बाई, तुमच्याकडे काही लेखी आहे का?" लेखी होतं, माझ्याच अक्षरातलं, आणि ते विठ्ठलवाडी सांगत होतं. एका वाक्याचं काम होतं: लेबल मी खोटं लिहिलं. मागून पोपट पुटपुटला, "बाय, बस खाली, लोका हसतान." मी बसले. त्याच्या सांगण्यावरून नव्हे. वीस वर्षं मी सरांवर मात करून बसले होते, ती मला सोडवली नाही. पुढच्या वर्षी मे महिन्यात खळग्यात राडारोडा पडला. आता तिथे गाड्या लावतात. जमीन पोपटने विकली, नाव सरांनी लाटलं, पण खळगा बुजवला तो मी. नऊ वर्षं मी भावाला बोल लावत आले आणि हे कोणापाशी बोलले नाही. मला त्याची लाज वाटते.

७. राडारोडा पडण्याच्या आदल्या आठवड्यात मी खळग्यातला सुका चिखल पत्र्याच्या डब्यात भरून आणला होता. दर जूनमध्ये त्यातला चमचाभर परातीत पावसाच्या पाण्यात भिजवते. सुरुवातीची पाच-सहा वर्षं आठवडाभरात काहीतरी हलायचं. गेली तीन वर्षं पाणी नुसतं गढूळ दिसतं. तिथे काही नाही, की मला दिसत नाही, हे माझं मलाच कळत नाही. डब्यात आता वाटीभर चिखल उरला आहे. त्या मिशा कल्पिताला ओळखता येणार नाहीत. ज्याला येतील असा माणूस हयात एकच आहे. म्हणून तो डबा डॉ. घैसास यांना द्यावा. हे लिहिण्याआधी मी दोन दिवस कागद बाजूला ठेवला होता; तरी लिहिते.

कल्पिताने डबा ठाण्याला त्यांच्या घरी नेऊन त्यांच्या हातात द्यावा आणि कलम पाच व सहा त्यांना मोठ्याने वाचून दाखवावं. ते चिडतील. त्यांना चिडू द्यावं, मध्ये बोलू नये. सगळा चिखल त्यांनी एकदम भिजवू नये, आणि नळाचं पाणी तर मुळीच वापरू नये. काही पाठीवर पोहताना दिसलं, तर जातीचं ठिकाण दुरुस्त करून छापावं. शोधाच्या श्रेयात मला माझं नाव नको. लेबल खोटं कोणी लिहिलं, तिथे मात्र ते पूर्ण घालावं. आणि काहीच हललं नाही, तरीही ठिकाण दुरुस्त करावंच. निदान ती कुठे मेली ते तरी खरं छापलं जाऊ दे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी कल्पिताने करावी. वरील मजकूर मी वाचून पाहिला असून साक्षीदारांसमक्ष सही केली आहे.

सही: कलावती पंढरी केणे

साक्षीदार:
१. हेमा मधुकर भोईर, शेजारी (सही)
२. हर्षित रमेश गायकर, सोसायटीचे सचिव (सही)

ठिकाण: मानपाडा, डोंबिवली पूर्व
दिनांक: २० नोव्हेंबर २०२५