विनू उजवीकडून का चढतो

३ नोव्हेंबर
विनू आजही घोडीवर उजवीकडून चढला. भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत बसून मुद्दाम बघत होते. बाकीचे घोडेवाले झाडून सगळे डावीकडून चढतात, गिऱ्हाइकाच्या पोरांनाही डावीकडूनच चढवतात. आपलंच येडं उलटं.
घरी आल्यावर विचारलं. म्हणाला, "मैनाला तशीच सवय आहे गो ताई."
मैना म्हणजे घोडी. मे महिन्यात मुंबईची नोकरी सोडून आला आणि महिन्याभरात ही घेतली. कोणाकडून, ते अजून नीट सांगितलेलं नाही.

५ नोव्हें.
रशीदभाईंना गाठलं. बाप-आज्यापासून त्यांच्याकडे घोडे. म्हणाले, "पूर्वी तलवार डाव्या कमरेला असायची, म्हणून घोड्यावर डावीकडनं चढायचं. तलवारी गेल्या, सवय राहिली. जनावराला तेच शिकवतात."
मग हळू आवाजात, "बाई, घोडीचा डावा डोळा बघून घ्या एकदा. अधू जनावर गळ्यात मारतात लोक."
झोपेची वाट लागली. अधू घोडीवर लोकांची पोरं बसवतो हा? आणि मला सांगतो, सवय!

६ नोव्हें.
विनू आंघोळीला गेलेला बघून गोठ्यात गेले. डाव्या बाजूने गूळ धरला. मैनाने मान वळवून पटकन घेतला. पण वासानेही घेतला असेल. मग पदर हलवला. दचकली. वाऱ्यानेही दचकली असेल. माझा काही विश्वास नाही.

११ नोव्हें.
विनू पावसला गेलेला. ती संधी साधून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. बॅटरी मारून दोन्ही डोळे पाहिले. "लख्ख आहेत हो, तुमच्याआमच्यापेक्षा बरे." मग स्वतः रिकिबीत डावा पाय घालून डावीकडून चढले. मैना गरीब गायीसारखी उभी. कानसुद्धा हलवला नाही.
म्हणजे घोडीला सवयबिवय काही नाही. विनू खोटं बोलला.
कशासाठी पण? एवढ्याशा गोष्टीत कोण खोटं बोलतं?

१३ नोव्हें.
आज लक्षात आलं, विनूची मोटरसायकल दिवाळीपासून ताडपत्रीखाली आहे. विनू शेजारच्या सावंतांची स्कूटर मागून नेतो. विचारलं तर "क्लच वायर तुटलेय." वायर बसवायला एवढे दिवस?
दुपारी पेपरात वाचलं, दिवाळीत पावस रस्त्यावर कुणा म्हाताऱ्याला उडवून पळालेला मोटरसायकलवाला अजून सापडलेला नाही. विनू पावसला सारखा जातो.

१४ नोव्हें.
ताडपत्री काढून पाहिली. ओरखडा नाही, पोचा नाही. दिवा धड. क्लच दाबून पाहिला, वायर शाबूत!
गाडी मधल्या स्टँडवर. एरवी हा बाजूच्या स्टँडवर लावायचा, डावीकडे कलती. चढायचाही डावीकडून, टांग टाकून, बाबांनी सायकलवर शिकवलं होतं तसा. सायकलची चेन उजवीकडे, तेव्हा कपडे अडकू नयेत म्हणून डावीकडूनच, असं बाबा म्हणायचे. विनू ते कधी विसरला नव्हता.
संध्याकाळी कळलं, उडवणारा चिपळूणचा निघाला. सुटले. पण मग वायरीचं खोटं का?

१६ नोव्हें., रवि.
किनाऱ्यावर गर्दी. कोल्हापूरचं कुटुंब, चार-पाच वर्षांची मुलगी. फेरी संपल्यावर विनूने तिला उतरवून घेतलं आणि एकदम मटकन वाळूत बसला. मुलगी हातातच, वर धरलेली. ती खिदळली. आईबापांना वाटलं गंमत केली. विनूही हसला.
मला हसू आलं नाही. त्याचा चेहरा मी बघितला होता.
नंतर तो स्वतः मैनावर चढला. उजवा पाय रिकिबीत. डावा मात्र हाताने, पँटीला धरून उचलला आणि पलीकडे टाकला. इतके दिवस बघत होते आणि घोडीच बघत होते.

१७ नोव्हें.
घोडीवर डावीकडून चढायला सगळा भार डाव्या पायावर. मोटरसायकलवर चढताना उभं राहायचं ते डाव्या पायावर. गिअर डाव्या पायाचा. स्कूटरला डाव्या पायाचं काहीच लागत नाही.
ओट्यावरची त्याची चप्पल उलटी करून पाहिली. डावीचा अंगठ्याकडचा भाग पार घासलेला. उजवी जवळजवळ नवी.

१८ नोव्हें.
जेवताना सरळ म्हटलं, "विनू, डावा पाय उचलून दाखव."
"कायतरीच काय ताई."
"टाच टेकव आणि चवडा वर कर."
बांगड्याचा काटा काढत बसला बराच वेळ. मग केलं. चवडा हललाच नाही.
एप्रिलपासून आहे म्हणतो. मुंबईत एका डॉक्टरने मोठी तपासणी लिहून दिली, हा गेलाच नाही. पावसला कुणाकडून तेल चोळून घेतो. त्याच्या बायकोला, नंदाला, यातलं काही ठाऊक नाही. ती मुंबईत रुग्णालयात नर्स, आणि तिलाच नाही!
"तिला सांगितलं तर उद्या गाडीत घालून नेईल. पाय चालतोय तोवर मला घोडी ठेवायची आहे. लहानपणापासून एवढंच हवं होतं गो."
मी म्हटलं, "आणि कोणाची पोर पडली म्हणजे?"
ताट तसंच टाकून उठला.

१९ नोव्हें.
ठरलं ते असं. पोरांना चढवणं-उतरवणं रशीदभाईंचा पुतण्या करील, विनू नुसता लगाम धरेल. आणि तो रत्नागिरीत तपासणी करून घेईल. त्या बदल्यात मी नंदाला कळवायचं नाही. हो म्हटलं. म्हणायला नको होतं की काय...

२५ नोव्हें.
तपासणी झाली म्हणतो. "शीर दबलेय, व्यायामाने सुटेल." रिपोर्ट कुठाय? "डॉक्टरांकडेच राहिला." कोणते डॉक्टर? नाव सांगताना अडखळला.
सकाळी चहाची कपबशी हातातून सुटली त्याच्या. कोणता हात ते मी बघितलं. विचारलं नाही.

३० नोव्हें., रवि.
नंदाचा फोन. "हे नीट बोलत नाहीत हल्ली. बरे आहेत ना, ताई?"
"बरा आहे. उन्हात असतो ना, दमतो."
फोन ठेवल्यावर विनू म्हणाला, "थँक्यू." मला त्याच्याकडे बघवेना.

४ डिसेंबर
त्याला न सांगता त्या डॉक्टरांकडे जाऊन आले. विनूच्या नावाचा माणूस तिथे आलाच नव्हता.
घरी येऊन बोलले ते बोलले. शेवटी म्हणाला, "मला कळून घ्यायचं नाही, ताई." लहानपणी काळोखाला घाबरायचा, तेव्हाचा आवाज.
उद्याची वेळ घेतली आहे. मी सोबत जाणार, आत पण.

५ डिसें.
सकाळी निघायच्या तयारीत. दारात रिक्षा थांबली, आतून नंदा उतरली. रजा टाकून, न कळवता. त्या दिवशीच्या माझ्या उत्तरावर तिचा विश्वास बसला नव्हता.
विनू ओट्यावरून खाली आला. दोनच पायऱ्या. ती त्याच्या पायांकडे बघत राहिली, नर्सच्या नजरेने. मग पुढे होऊन त्याच्या डाव्या मुठीत आपली बोटं दिली. "दाबा." त्याने दाबली. "जोर लावा." "लावतोय ना," तो म्हणाला.
नंदाने मान वर केली. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं.
"ताई, तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"
रिक्षावाला विचारत होता, थांबू की जाऊ. मी म्हटलं, थांब, आम्हाला तिघांना जायचंय.
आत्ता डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बसून हे लिहिते आहे. ती दोघं आत आहेत. मला नंदाने आत येऊ दिलं नाही.