सोबतीची गरज नाही

सोन्या,

अक्षर ओळीबाहेर गेलं असेल, सांभाळून घे. माझा अपंग भत्त्याचा अर्ज नामंजूर झाला. निकाल टपालवाल्यानेच दारात उभं राहून वाचून दाखवला: 'अर्जदार नेत्रतपासणीस एकटे आले, सबब सोबतीची गरज नाही.' हुशारच आहेत मेले! तुला रजा नव्हती म्हणून एकटा गेलो, हे कोण सांगणार? वाटेत खांबावर आपटलो. कपाळावरचं टेंगूळ डॉक्टरला दिसलं नाही. तुलाही नाही.

आज फेरतपासणी आहे. तुला पुन्हा विचारायचं जिवावर आलं. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. टपालवाला अर्धी रजा टाकून माझ्यासोबत येतोय. तिथे कुणी विचारलंच, तर माझा मुलगा आहे म्हणून सांगणार आहे.

बाबा