आईचा राहिलेला गूळ

४ ऑक्टोबर १९३४, गुरुवार

एकवीस तारखेला साक्ष मी द्यायची! सावळीराम मास्तरांनी दवाखान्याच्या दारातच सांगितले. मास्तर आमच्या ख्रिस्ती मंडळीचे उपदेशक, त्यांना नाही कोण म्हणणार? "पाच मिनिटं. आधी कसा होतास, प्रभू कसा भेटला, आता कसा आहेस. झालं." मी हो म्हणालो आणि खोकल्याच्या बाटलीवर चिठ्ठी उलटी चिकटवली.

दर रविवारी एकाची साक्ष असते. ती संपली की मास्तर विचारतात, "आणखी कोणाला सांगायचंय?" कोणी उठत नाही. मग गीत होते. पण एकवीस तारखेला उपकारस्तुतीचा सण. जो तो शेतातले पहिले पीक आणून ठेवतो. आमच्या शरणपुरातले झाडून सगळे येतील.

६ ऑक्टोबर

लिहायला बसलो. अक्षर चांगले आले, मजकूर आला नाही.

गेल्या रविवारी गोटीरामदादांची साक्ष झाली. दारू, मारामाऱ्या, बायकोच्या डोक्यात घातलेला तांब्या. त्यांची बायको पुढेच बसून मान हलवीत होती — बरोबर, बरोबर. सगळे रडले. माझ्याकडे काय आहे? विडीसुद्धा ओढली नाही. सहावीतून शाळा सोडली एवढेच.

शौकत टांगेवाला घोड्याच्या जखमेला मलम न्यायला आला होता. त्याला सांगितले. म्हणतो, "अजून पंधरा दिवस हैत, वाळूशेठ. एखादी चोरी करून घे."

हसलो. पुष्कळ दिवसांनी हसलो. त्याबद्दल देवाचे आभार.

९ ऑक्टोबर

आता खरे लिहितो. हे कोणाला वाचून दाखवायचे नाही.

माझ्या आधीची दोन भावंडे पाळण्यातच गेली. माझ्या वेळी आईने सप्तशृंगीला नवस केला — हा जगू दे, मिसरूड फुटले की गडावर घेऊन येईन, तुला साडी नेसवीन. तोवर गूळ खाणार नाही. तेव्हापासून तिने गूळ जिभेला लावला नाही. पुरण घालायची आणि मला विचारायची, "गोड झालंय का रे? मला काय कळतंय."

मला ताप आला की ती भिंतीकडे बघायची. "देवी मागती." म्हणून मी लहानपणापासून भ्यालेला. आपण दुसऱ्याचे आहोत, कधीही परत मागतील, असे वाटायचे.

दवाखान्यात कामाला लागलो. रोज सकाळी औषधे वाटण्याआधी मास्तर वाचायचे. एकदा वादळाचे वाचले. नाव बुडते आहे, सगळे ओरडताहेत, आणि प्रभू उशीवर निजलेला! मी बाटल्या विसळत होतो. हात थांबले. एवढ्या वादळात ज्याला झोप लागते त्याच्या नावेत बसावे, असे वाटले. दुसरे काही नाही. त्या दिवसापासून मी रात्री झोपू लागलो.

यंदा चैत्रात मला गडावर न्यायचे ठरले होते. मी गेलो नाही, बाप्तिस्मा घेतला. वडील नाहीत. काका म्हणाले, चुलीजवळ यायचे नाही. आई रागावली नाही. एवढेच म्हणाली, "माझा गूळ राहिला रे."

गुळाचे तिला काही नाही. मला नेल्यावाचून नवस फिटत नाही, आणि फिटला नाही तर देवी मला नेईल, ही तिची भीती. माझी भीती गेली ती कुठे गेली? तिच्याकडे गेली.

१३ ऑक्टोबर

मास्तरांना साक्ष वाचून दाखवली. भावंडे, नवस, वादळ — सगळे घातले होते, फक्त गूळ नाही. "छान. पण शेवट पाहिजे. असं लिही — माझी आई अजून अंधारात आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा."

लिहिले. मास्तरांनी मला पोटच्या पोरासारखे सांभाळले आहे. त्यांचे मन कसे मोडू?

१७ ऑक्टोबर, दसरा

रविवारसाठी फुले ठरवायला बाजारात गेलो. आई तिथेच फुले विकते. दुसऱ्या कोणाकडे जायचे असे ठरवून गेलो, आणि पाय आईच्या ढिगापुढेच थांबले. झेंडूत कमरेपर्यंत बुडालेली. पहिल्याप्रथम हात माझ्या कपाळाला.

"कणकण नाय ना?"

"नाही गं."

फुले मागितली तर म्हणते, "आज नेऊन काय करशील? शिळी फुलं देवाला वाहत्यात का?"

"आमच्यात वाहत नाहीत. नुसती ठेवतात."

"ठेवायला तरी ताजी नकोत? रविवारी मीच आणते."

सांगावेच लागले — रविवारी मी बोलणार आहे.

"काय बोलनार?"

"माझंच. कसा झालो ते."

तिने हातातली माळ ओवून संपवली. दोऱ्याला गाठ मारली. मग म्हणाली, "मंग त्यात मीबी येईन."

आलीच होती — अंधारात. उत्तर खिशात घडी करून ठेवलेले होते.

२० ऑक्टोबर

मास्तरांचे ते वाक्य पुन्हा वाचले. एकही चूक नाही. तरी नीट वाटत नाही.

२१ ऑक्टोबर, रविवार

झाले. विसरायच्या आत लिहून ठेवतो.

प्रार्थनामंदिरात पुढे भोपळे, बाजरीची कणसे, कांदे. आईने टोपलीभर झेंडू आणला, दाराला आंब्याच्या पानांचे तोरणही बांधून टाकले! दसऱ्याला बांधतात तसेच. दोघेतिघे कुजबुजले. मास्तरांनी ते राहू दिले. ती आत आली नाही. पायरीवर बसली, पाठ आमच्याकडे.

सुरुवात ठीक झाली. "मी फार भीत असे. आता भीत नाही" म्हणालो आणि कागद इतका थरथरला की पुढची पोरे हसली. मीही म्हणालो, "म्हणजे आज सोडून." सगळेच हसले. बरे वाटले.

मग ते वाक्य आले. दारातून तिचा पदर दिसत होता. मला ते वाचता येईना. कागद घडी केला. जे तोंडाला आले ते बोललो — दुसऱ्यासाठी कोणी स्वतः सोसतो, ही गोष्ट मी इथे ऐकली, आणि मला ती पटायला वेळ लागला नाही. कारण आमच्या घरात मी ती रोज पाहिली होती. माझी आई माझ्यासाठी गूळ खात नाही. माझे ओझे उतरले आहे. तिचेही उतरावे. एवढीच माझी साक्ष.

मास्तरांनी विचारले, "आणखी कोणाला सांगायचंय?" कोणी उठले नाही.

बाहेर आलो तर पायरीवर रिकामी टोपली. आई गेलेली.

तिने ऐकले का? किती ऐकले?

२३ ऑक्टोबर

शौकत म्हणाला, "तुझी माय काल वणीच्या मोटारीत बसली. मीच अड्ड्यावर सोडली. हातात नवी साडी व्हती."

काल कोजागिरी, गडावर जत्रा. एकटीच गडावर गेली! मला न नेता. तिच्या गुडघ्यांना त्या पायऱ्या झेपतील का? दिवसभर दुसरे काही सुचले नाही. प्रभो, ती तुला ओळखत नाही, पण तिला उतरताना धर.

२६ ऑक्टोबर

आई आली! दवाखान्याच्या ओट्यावर बसली, पाय चोळीत. मी मलम आणले, तिने ते बाजूला ठेवले.

"देवीला साडी नेसवली. म्हनलं, बाई, पोरगं आननार व्हते, पन ते दुसऱ्या घरी दिलं. लेक देत्यात तशी. दिलेल्या लेकीला माघारी मागत्यात व्हय? तिथं ते झोपतंय, खातंय, लोकांत हसतंय. तू राग धरू नको."

"मग?"

"मंग काय. उतरले."

कपाळाला हात लावला नाही आज. मी समोरच्या दुकानातून गूळ आणला. मोठा खडा तोंडात टाकून ती चघळू लागली.

"गोड आहे का?"

"दातात अडकतोय," म्हणाली, आणि डोळे पुसले.

उपकार, उपकार. आणखी काय लिहू?

२८ ऑक्टोबर, रविवार

आज भागीबाईंची साक्ष झाली. मास्तरांनी नेहमीसारखे विचारले, "आणखी कोणाला सांगायचंय?" गीताचे पान काढत होतो. मागे, दाराजवळ, बांगड्या वाजल्या. आई उभी होती.

"त्या दिशी ह्या पोरानं निम्मंच सांगितलं," ती म्हणाली. "ऱ्हायलेलं मी सांगते."