भिंगरीच्या गाडीतले दोन सबवूफर आणि पुढची सीट

लिहून ठेवणार मी, गाड्यांची सीटकव्हरं शिवणारी बाई, वय शहात्तर चालू, शिक्षण चौथी पास. पाचवीत बसले होते, पण नुसतीच बसले. राहणार याच घरी, तळमजल्यावर, रस्त्याकडच्या खोलीत. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी परवा तपासून तसा दाखला दिलाय. तोंडाने ते असंही म्हणाले की आजी, तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतं. ते त्यांनी दाखल्यात घातलं नाही, म्हणून मी इथे घालते. हे लिहिताना कुणी माझा हात धरलेला नाही आणि कुणाची तशी छातीही नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे जुनं रद्द करायचा प्रश्न नाही. वकील म्हणाले एक पान पुरे होईल. त्यांची आणि आमच्या विहीणबाईंची ओळख नाही.

कलम १. राहतं घर माझ्यामागे मुलाचं आणि सुनेचं, दोघांचं सारखं. एकट्या मुलाच्या नावे करणार होते, पण पाण्याची मोटर कुठल्या बटणाने चालू होते हे त्याला अजून हाक मारून विचारावं लागतं. सून विचारत नाही. माझं शिलाई मशीन खिडकीपासून हलवू नये. उजेड तिथेच पडतो.

कलम २. बँकेत जे काही निघेल ते सुनेला. ती विहीणबाईंची मुलगी आहे, पण यात तिचा काही दोष नाही. मी नेहमी तसंच धरून चालले.

कलम ३. हत्यारं. मशीन, वाकडी सुई, फोम कापायची सुरी, खडू आणि रेक्झिनच्या उरलेल्या गुंडाळ्या नातीला, म्हणजे भिंगरीला. लहानपणी माझ्या मशीनभोवती गरगर फिरायची, त्यावरून हे नाव पडलं. आता ती लिफ्ट दुरुस्त करते. एवढीशी पोर, पण अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांना बाहेरून अशी दटावते की ती आत रडायची थांबतात. ती काही शिवायला बसणार नाही, मला माहीत आहे. पण माझ्या मशीनवर दुसरं कुणी बसलेलं मला चालणार नाही. बोथट कात्री समोरच्या कव्हरवाल्याला द्यावी. माझी दुहेरी शिवण उचलून त्याने स्वतःची म्हणून खपवली. कात्री देताना कुणाकडून आली ते मोठ्याने सांगावं.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. गाडी भिंगरीची, तिच्या कमाईची, तिच्यावर माझा हक्क नाही. पण गाडीतल्या आवाजात माझा वाटा आहे आणि तो कसा आला हे लिहिल्याशिवाय पुढची कलमं कुणाला कळायची नाहीत.

विहीणबाई म्हणजे सुनेची आई. टेलिफोन ऑफिसातून रिटायर झाल्या. आवाज इतका मऊ की त्यांच्याशी बोलताना आपणच भांडतोय असं वाटतं. भिंगरी त्यांना फोनआजी म्हणते आणि मला मशीनआजी. अंगाखांद्यावर खेळवली मी, रात्री-अपरात्री उचलून घेतली मी, आणि पोर गायला लागली ती फोनआजीची गाणी. माझ्या पोटात तेव्हापासून दुखतंय. डॉक्टरांच्या दाखल्यात हेही नाही.

भिंगरीने जुनी गाडी घेतली. मी कव्हरं शिवली, करड्या रंगाची, कडेला पांढरी शिवण. सगळे कव्हरांकडे बघत होते. माझे ते सोन्यासारखे दिवस फार टिकले नाहीत. भिंगरी जेवताना सहज बोलली की गाडीतलं गाणं पत्र्याच्या डब्यात मधमाशी अडकल्यासारखं वाजतं, एक सबवूफर हवा. सबवूफर म्हणजे खालचा जाड आवाज काढणारा मोठा गोल स्पीकर, मागे डिकीत पेटीत बसवतात. मी मनात नोंद केली. विहीणबाईही जेवायला होत्या, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही.

वाढदिवसाला त्या सबवूफर घेऊन आल्या. बारा इंची, पेटीसकट, सोबत त्याला जोर देणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर. भिंगरीने त्यांना उचलून गरकन फिरवलं. मी दिलेल्या पाकिटाला तिने नमस्कार केला, आणि तोही बसल्या जागेवरून.

दुसऱ्याच दिवशी मी नाक्यावरच्या डेकवाल्याकडे गेले, तो गाड्यांत डेक आणि स्पीकर बसवतो. त्याच्या गिऱ्हाइकांची कव्हरं मीच शिवते. तो म्हणाला, कसला सबवूफर हवा, कुठल्या गाडीला, आत्ता काय बसवलंय. मी म्हटलं, बारापेक्षा मोठा दे. तो म्हणाला, आजी, असं नसतं बघायचं. मी म्हटलं, तू मला शिकवू नकोस, पंधरा इंची काढ. मग त्याला वाजवायला मोठा अ‍ॅम्प्लिफायर लागेल असं तो म्हणाला, तर ज्या खोक्यावर सगळ्यात मोठा आकडा छापला होता ते खोकं मी उचललं. तो खोक्याची मागची बाजू दाखवत होता, पण मी पुढचीच वाचली.

दोन्ही बसवले. डिकी अशी भरली की भिंगरीची लिफ्टची हत्यारं मागच्या सीटवर आली आणि माझ्या पांढऱ्या शिवणीला ग्रीस लागलं. गाणं लावलं, तर आवाज वाढायच्या ऐवजी कमी झाला. मग अ‍ॅम्प्लिफायरवर लाल दिवा लागला आणि सगळंच बंद पडलं. डेकवाल्याने डोकं आत घालून पाहिलं. त्याने सांगितलं ते मला पटलं म्हणून लिहिते. खोक्यावर पुढे छापतात तो आकडा मिरवायचा असतो, क्षणभराचा. मागे बारीक अक्षरात सतत झेपणारा आकडा असतो, तो सबवूफरचा आणि अ‍ॅम्प्लिफायरचा जुळला पाहिजे. ओहम म्हणून एक असतं, म्हणजे सबवूफर किती अडवतो ते. तेही अ‍ॅम्प्लिफायरला सोसेल तेवढंच हवं. आणि दोन सबवूफर घ्यायचे तर एकाच जातीचे, एकाच मापाचे. वेगवेगळे एकत्र जोडले तर एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढत असतो, आणि दोघं मिळून आवाज मारून टाकतात. हे बोलताना तो माझ्याकडे आणि सोबत आलेल्या विहीणबाईंकडे बघत होता. मी त्याच्या बिलाकडे बघत राहिले.

मग भिंगरीला विचारलं, कुणाचा ठेवतेस. हा प्रश्न मी विचारला. तो विचारायला नको होता असं विहीणबाई म्हणतात, पण उत्तर ऐकायला त्याही पुढे सरकल्या होत्या. भिंगरीने दोन्ही सबवूफर उचलून दुकानाच्या पायरीवर ठेवले, दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्यावर ठेवले आणि निघून गेली. त्यानंतर ती गाडीत गाणंच लावेना. मूळचा डबाही बंद. रविवारी आम्हाला दोघींना फिरवून आणायची, तेही थांबलं. काम आहे म्हणायची. काम काय, रविवारी लिफ्ट बंद पडत नाहीत असं नाही, पण दर रविवारी पडतात असंही नाही. घरात ती माझ्याशी बोलायची, जेवलीस का, गोळी घेतलीस का. मशीनपाशी मात्र आली नाही. मी खिडकीत बसून शिवायचे आणि तिची गाडी मुक्यानं निघून गेलेली बघायचे. नात हातची जाते की काय, असं मला वाटायला लागलं. आणि ती फोनआजीकडेही जात नाही, हे कळल्यावर थोडं बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

शेवटी फोन विहीणबाईंनी केला. म्हणाल्या, "मोठ्यात मोठा आणायचं सोडा, दोन सारखे आणू. तुमचा एक, माझा एक."

आम्ही दोघी गेलो. डेकवाल्याने दोन्ही जुने परत घेतले, थोडं कुरकुरून. दहा इंची दोन, जुळे, शेजारी ठेवले तर आई ओळखणार नाही असे. मी भोकाच्या पेटीसाठी अडून बसले, कारण तिचा दणका मोठा. विहीणबाईंना बंद पेटी हवी होती, कारण तिचा आवाज आवळलेला, गाण्यातला शब्द बुडत नाही. शेवटी बंद पेटी लहान असते आणि भिंगरीच्या हत्यारांना जागा राहते, म्हणून मी मानलं. विहीणबाईंचं म्हणून मानलं नाही. अ‍ॅम्प्लिफायर या वेळी मागची बाजू वाचून घेतला. दोघांच्या बारीक आकड्यांची बेरीज त्याच्या बारीक आकड्याइतकी, ओहमही बसले. तो सीटखाली गेला, दिसतच नाही. त्यावरून भांडण झालं नाही, दिसत नाही ते कुणाचंही असू दे.

पेटीला वरून कापड मी चढवलं. तिथे मी एक काम केलं. माझ्या सबवूफरच्या बाजूला कापडाच्या खालच्या दुमडीत लाल दोऱ्याचा एक टाका घातला. जुळे असले म्हणून काय झालं.

भिंगरी आली, पेटी बघितली, दोघींकडे बघितलं आणि गाणं लावलं. दुकानाच्या काचा थरथरल्या. माझ्या बरगड्यांपर्यंत ते गाणं पोचलं. एवढ्या वर्षांत मी कितीतरी गाड्यांना कव्हरं शिवली, पण गाडी आतून अशी जिवंत असते हे मला माहीत नव्हतं. भिंगरी हसली. आधी कुणाकडे बघून हसली यावर आमचं अजून एकमत नाही.

कलम ५. तरी मी लिहून ठेवते की डिकीतल्या पेटीतला ड्रायव्हरच्या बाजूचा सबवूफर माझा आहे आणि तोच जास्त खोल वाजतो. रविवारी निघण्याआधी भिंगरी डिकी उघडून गाणं लावते, तेव्हा मी त्याच्यावर तळहात ठेवून बघते. दुसऱ्यात तेवढा दम नाही. मी हे विहीणबाईंना वेळोवेळी बोलून दाखवलेलं आहे. दोन्ही सबवूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर भिंगरीचे. ते कधी वेगळे करू नयेत, वेगळे विकू नयेत, आणि एक फाटला तर दोन्ही बदलावेत.

कलम ६. गाडीतली पुढची सीट. गुडघ्यांमुळे ती माझी ठरलेली आहे. तिच्यावरचं कव्हर माझ्या पाठीच्या मापाचं आहे, कमरेशी फोमची उशी शिवून घेतलीय. माझ्यामागे त्या सीटवर कुणीही बसावं. डेकवाल्याने बसावं, समोरच्या कव्हरवाल्याने बसावं, भिंगरीच्या हत्यारांच्या पिशवीने बसावं. विहीणबाईंनी तेवढं बसू नये. त्यांनी मागेच बसावं, तिथून त्यांचं बोलणं ऐकू येत नाही.

कलम ७. माझे कपडे ज्यांना होतील त्यांनी घ्यावेत. चष्मा कुणालाच होणार नाही.

कलम ८. साक्षीदार म्हणून एक डेकवाला आणि दुसऱ्या विहीणबाई. वकील म्हणाले, ज्याला काही द्यायचं असेल त्याची सही साक्षीदार म्हणून घेऊ नका, नाहीतर दिलेलं त्याला मिळायचं नाही. विहीणबाईंना मी काही देत नाहीये, त्यामुळे त्या साक्षीला अगदी योग्य आहेत. सही करायची म्हणजे वाचावं लागेल, हाही फायदा.

इथपर्यंत लिहून संपलं होतं. पुढचं आज त्या सहीला आल्यावर लिहिते आहे.

त्या स्वतःचं पेन घेऊन आल्या. साक्षीदाराने वाचायची गरज नाही, नुसती सही करायची असं वकिलांनी सांगितलं होतं, ते मी त्यांना सांगितलंच नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून सगळं वाचलं. पाचव्या कलमापाशी थांबल्या.

"हे तेवढं चुकलंय तुमचं," म्हणाल्या. "गेल्या उन्हाळ्यात लिफ्टचं मोठं सामान न्यायला भिंगरीने ती पेटी बाहेर काढली होती. परत ठेवताना जशी हाताला आली तशी ठेवली. तुमचा लाल टाका मी पहिल्याच दिवशी पाहिला होता. गेल्या उन्हाळ्यापासून तो पलीकडे आहे. तुम्ही हात ठेवता तो माझा."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

"माझ्याच सबवूफरचं कौतुक चाललं होतं, मी कशाला अडवू?" मग पेनाचं टोपण काढत म्हणाल्या, "आणि तुम्ही फार खूश दिसायच्यात."

मला त्या पहिल्या वाक्याचा राग आला नाही. तसं तर मीही बोलले असते. दुसऱ्याचा आला. दर रविवारी मी त्यांच्या तोंडावर त्यांच्याच सबवूफरला नावाजायचे, त्यांच्याच नाकासमोर माझा म्हणून मिरवायचे, आणि ही बाई मागे उभी राहून माझा आनंद बघत होती. इतकं मोठं मन असायचंच होतं तर माझं असायला हवं होतं. ते यांच्याकडे गेलं कसं? सुरांचं ठीक आहे, गाण्यांचं ठीक आहे, पण याही बाबतीत यांनीच पुढे असावं हे मला सहन होण्यासारखं नाही. त्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं. मी कागद ओढून घेतला आणि पेनही.

कलम ९. कलम ५ मधली बाजू रद्द. दोन्ही सबवूफर सारखे वाजतात असं समजावं. कलम ६ पूर्ण रद्द. पुढची सीट माझ्यामागे विहीणबाईंची, दर रविवारी, त्यांना चढता येईल तोवर. कव्हर उसवू नये, कमरेची उशी काढू नये. त्यांची पाठ माझ्यापेक्षा लांब आहे, त्यांना ती टोचेल. टोचू दे. डेकवाला सांगतो की दोनातला एक काढून घेतला तर दुसरा एकटाही वाजतो, पण मग अ‍ॅम्प्लिफायर पूर्वीइतका जोर लावत नाही. भिंगरीने मी गेल्यावरच्या दिवसांत आवाज थोडा वाढवून ठेवावा आणि फोनआजीला एकटीला मागे बसू देऊ नये. आता मोठ्या मनाचं कोण ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

हे वाचून विहीणबाई म्हणाल्या, मग माझी सही चालायची नाही. मी म्हटलं, नाहीच चालायची. म्हणाल्या, मग मी आले कशाला? मी म्हटलं, चहा घ्या. दुसरा साक्षीदार म्हणून आमच्या डॉक्टरांना बोलावणं पाठवलं.

वरचा मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, स्वतः मोठ्याने वाचला, आणि तो माझ्या मनासारखा आहे. खाडाखोड आहे तिथे तिथे माझी सही आहे.

सही: मशीनआजी, सीटकव्हरवाली

साक्षीदार पहिला: नाक्यावरचा डेकवाला. आजींनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: ~~विहीणबाई~~ (खोडलं, कारण कलम ९) डॉक्टर. आजींनी माझ्यासमोर सही केली. डोकं माझ्यापेक्षा बरं.

स्थळ: खिडकीजवळ, मशीनवर कागद ठेवून. दिनांक: सात, रविवार, महिना आणि वर्ष वकिलांच्या शिक्क्यात आहे. भिंगरी बाहेर हॉर्न वाजवते आहे.

ता. क. सही विहीणबाईंच्या पेनाने केली. फार छान चालतं. तसलंच एक मलाही हवं, पण थोडं मोठं.