७३९३९१३३ च्या पुढे

प्रिय बाबा,

काल अमरावतीला तुमचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं आटोपल्यावर काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "शेवटी शेवटी भाऊजी पोटच्या पोरीलेही ओळखत नव्हते!" माझं डोकंच फिरलं. पाहुणे होते म्हणून गप्प बसले. आज अकोल्याला घरी परतले आणि आधी तुम्हाला लिहायला घेतलं.

राजापेठच्या तुमच्या शिकवणीत नवी पोरं आली की पहिल्या दिवशी फळ्यावर एकच आकडा असायचा. ७३९३९१३३. मूळ संख्या! एक आणि ती स्वतः, बाकी कशानेच भाग जात नाही. "आता शेवटचा अंक पुसा," तुम्ही म्हणायचे. उरले ७३९३९१३, तीही मूळ! पुन्हा पुसा, ७३९३९१, तीही मूळ! पुसत पुसत ७३ यायचे, मग नुसता ७, तरी गडी पक्का. "मधे कुठंही भाग लावून दाखवा, संत्री माझ्याकडून!" किती पोरांनी वह्या काळ्या केल्या! जिंकलं कोणीच नाही, संत्री मात्र सगळ्यांनी खाल्ली.

मी पाचवीत होते, मागे बसून ऐकायची. एकदा मधेच विचारलं, "बाबा, पुसता कावून? शेवटी आणखी एक अंक लावून पाहा ना!" तुम्ही खडू धरून उभेच राहिले. सम अंक, शून्य, पाच तर बादच. एक किंवा सात लावला की तीनने भाग जातो, तेही लगेच निघालं. तीन आणि नऊ लावून मात्र तुम्ही कितीतरी दिवस भागाकार करत बसले. आई ओरडायची, "जेवाले तरी उठा!" अखेर तेही फुटले. त्या संख्येच्या शेवटी कुठलाच अंक चालत नाही.

मग तुमचं विसरणं सुरू झालं. आधी नातवाचं नाव गेलं, मग माझं. एका दुपारी मी आले तर म्हणाले, "बसा बाई. कोनाच्या तुमी?" असं कसं हो बाबा? फार लागलं मला. रागातच म्हटलं, "मी गणिताची बाई. ७३९३९१३३ माहीत आहे का?"

तुमचा चेहरा काय खुलला! "त्याच्या शेवटी अजून अंक लावून पाहाचं कोनाले सुचलं, ठाऊक हाय? माह्या पोरीले! पाचवीत होती थे. मले नाही सुचलं."

मी उठायला लागले तर तुम्ही हात धरून बसवलं. "जाऊ नका. येते थे अकोल्याहून. भेटूनच जा तिले."

बसले, बाबा. दिवेलागणीपर्यंत आपण दोघं दाराकडे पाहत तिची वाट बघत होतो.

उद्याच काकूंना फोन करते. आणि यापुढे कोणी तुमच्या विसरण्याची गोष्ट काढली, तर ही दुपार सांगितल्याशिवाय त्याला उठू देणार नाही. वचन देते.

तुमची पोरगी